द्रव बायोप्सी

द्रव बायोप्सी म्हणजे शरीरातील एखाद्या द्रवाचा, बहुतेक वेळा रक्ताचा, नमुना घेऊन त्यात रोगग्रस्त पेशींच्या खुणा शोधणारी चाचणी. नेहमीच्या बायोप्सीत सुई किंवा शस्त्रक्रियेने गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. द्रव बायोप्सीत गाठीला हात लावावा लागत नाही. गाठीतून रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडे, सुट्या झालेल्या पेशी किंवा पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्या तपासल्या जातात. मेंदूच्या विकारांत मेरुद्रव आणि मूत्राशयाच्या कर्करोगात लघवीही याच कामासाठी वापरतात. आजवरचे सर्वाधिक संशोधन मात्र रक्तातील मुक्त डीएनएवर झाले आहे आणि ही नोंदही मुख्यतः त्याविषयीच आहे.

रक्तातील मुक्त डीएनए : शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. पेशी मरताना तिच्या केंद्रकातील डीएनए विकरांकडून कापला जातो, पण तो वाटेल तिथे तुटत नाही. डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो. रिळावरचा भाग सुरक्षित राहतो आणि दोन रिळांमधला उघडा भाग कापला जातो. त्यामुळे रक्तात सापडणारे बहुतेक तुकडे सुमारे १६६ बेस-जोड्या लांबीचे असतात. गाठीतून आणि गर्भाच्या वारेतून येणारे तुकडे सरासरीने याहून थोडे आखूड असतात, आणि हा बारीकसा फरकही निदानाला उपयोगी पडतो. हे तुकडे रक्तात फार काळ टिकत नाहीत. काही मिनिटांपासून साधारण दोन तासांत त्यांचे प्रमाण निम्मे होते. म्हणून आज काढलेले रक्त आजचीच स्थिती सांगते. प्रथिनांवर आधारलेल्या कित्येक जुन्या कर्कखुणा रक्तात अनेक दिवस रेंगाळतात, त्यांच्या तुलनेत ही मोठी जमेची बाजू आहे.

निरोगी माणसाच्या रक्तातही मुक्त डीएनए असतो आणि त्यातला बहुतांश रक्तपेशींचाच असतो. कर्करोग्याच्या रक्तात त्या गर्दीत गाठीचे तुकडे मिसळलेले असतात. प्रगत रोगात त्यांचा वाटा मोठा असू शकतो. लहान गाठीत तो हजारात एक किंवा त्याहूनही कितीतरी कमी असतो.

इतिहास : मेलबर्नमधील टॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या एका माणसाच्या रक्तात त्याच्या गाठींतील पेशींसारख्याच पेशी पाहिल्याची नोंद केली. रक्तातील मुक्त न्यूक्लिइक आम्लांचा शोध फ्रान्समधील मांदेल आणि मेते यांनी १९४८ मध्ये लावला. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना समजण्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. तिच्याकडे बराच काळ कोणी वळून पाहिले नाही. कर्करोग्यांच्या रक्तात असा डीएनए अधिक असतो हे १९७७ मध्ये दिसले. १९९४ मध्ये गाठीतील विशिष्ट जनुकीय बदल रक्तद्रवातही (पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, म्हणजे प्लाझ्मात) सापडू लागले आणि हे तुकडे गाठीचेच असल्याची खात्री पटली.

या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण कर्करोगाच्या नव्हे, गर्भारपणाच्या तपासणीने दिले. डेनिस लो हे हाँगकाँगचे संशोधक ऑक्सफर्डमध्ये असताना आईच्या रक्तात गर्भाच्या पेशी अनेक वर्षे शोधत होते. त्या इतक्या विरळ असतात की हाती फारसे काही लागत नव्हते. १९९६ मध्ये कर्करोग्यांच्या रक्तद्रवात गाठीचा डीएनए सापडल्याचे दोन शोधनिबंध त्यांच्या वाचनात आले. आईच्या शरीरात वाढणारा गर्भ कित्येक गाठींहून मोठा असतो, मग त्याचाही डीएनए रक्तद्रवात का नसावा, असा विचार त्यांनी केला. रक्तद्रवातून डीएनए वेगळा कसा काढावा हे सुचत नव्हते, तेव्हा नूडल्स शिजवताना सुचलेली साधी युक्ती त्यांनी वापरली : रक्तद्रव थेट पाच मिनिटे उकळला. मुलगा पोटात असलेल्या ३० स्त्रियांपैकी २४ जणींच्या रक्तद्रवात त्यांना वाय गुणसूत्राच्या खुणा मिळाल्या. इतकी वर्षे पेशी शोधताना जो द्रव टाकून दिला जात होता, उत्तर त्यातच होते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून पुढे गर्भातील डाउन सिंड्रोमची रक्तावरून होणारी तपासणी उभी राहिली. २००८ मध्ये लो आणि स्टॅनफर्डचे स्टीफन क्वेक यांच्या गटांनी त्यासाठी सामूहिक डीएनए वाचनाची, म्हणजे असंख्य तुकडे एकाच वेळी वाचण्याची, पद्धत दाखवली आणि २०११ पासून ती रुग्णसेवेत आली. लो यांना २०२२ मध्ये वैद्यकातील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

नमुना आणि वाचन : चाचणीचे यशापयश यंत्रापेक्षा आधी रक्ताच्या नळीत ठरते. रक्त गोठू दिले तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए बाहेर सांडतो आणि गाठीचे आधीच विरळ असलेले तुकडे त्यात बुडून जातात. म्हणून गोठलेल्या रक्तातून सुटणारा रक्तरस (सीरम) न वापरता न गोठलेल्या रक्तातला रक्तद्रव वापरतात. रक्त गोठू न देणाऱ्या साध्या ईडीटीए नळीत घेतलेले रक्त काही तासांतच यंत्रात फिरवून त्यातून रक्तद्रव वेगळा करावा लागतो. पेशींना स्थिर ठेवणारी रसायने घातलेल्या खास नळ्यांत मात्र नमुना काही दिवस टिकतो. मोठ्या प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या रुग्णाला ही चाचणी मिळणे न मिळणे पुष्कळदा या नळीवरच अवलंबून असते.

पुढचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण या तंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. दहा मिलिलिटर रक्तातून चार-पाच मिलिलिटर रक्तद्रव निघतो. दर मिलिलिटरला पाच नॅनोग्रॅम डीएनए धरला तर हाती वीसेक नॅनोग्रॅम येतो. एका नॅनोग्रॅममध्ये मानवी जनुकसंचाच्या सुमारे ३०० प्रती असतात, म्हणजे संपूर्ण नमुन्यात साधारण सहा हजार. गाठीचा वाटा दहा हजारांत एक असेल, तर एखाद्या ठरावीक उत्परिवर्तनाची (जनुकीय बदलाची) एकही प्रत त्या नळीत नसण्याची शक्यता मोठी आहे. यंत्र कितीही संवेदनशील असो, नळीत नसलेली गोष्ट ते दाखवू शकत नाही.

यावर तोडगा म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी शोधणे. गाठीचा तुकडा उपलब्ध असेल तर आधी तिचा जनुकसंच वाचून तिची स्वतःची दहावीस किंवा शेकडो उत्परिवर्तने निवडतात आणि रक्तात त्या सर्वांचा एकदम माग काढतात. एखादी नाही तर दुसरी सापडते. वाचनातील चुका खऱ्या बदलांसारख्या दिसू नयेत म्हणून प्रती काढण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याला वेगळे आण्विक लेबल जोडतात. एकाच लेबलाच्या सर्व प्रतींत बदल दिसला तरच तो खरा मानला जातो.

दुसरी वाट मेथिलीकरणाची, म्हणजे डीएनएवर जोडल्या जाणाऱ्या मेथिल या छोट्या रासायनिक गटांची. यकृताच्या आणि फुप्फुसाच्या पेशीत डीएनएचा मजकूर एकच असला, तरी त्यावरील मेथिल गटांची मांडणी वेगळी असते, आणि कर्करोगात ती आणखी बदलते. या मांडणीवरून गाठ असल्याचा आणि ती कोणत्या अवयवात असावी याचाही अंदाज बांधता येतो.

एक फसवा प्रकार येथे नोंदवला पाहिजे. वय वाढते तशी अस्थिमज्जेतील मूळ पेशींत उत्परिवर्तने साठतात आणि त्यांतून निघालेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए रक्तद्रवात येतो. त्यातली काही उत्परिवर्तने कर्करोगात आढळणाऱ्या जनुकांतलीच असतात. म्हणून रुग्णाच्या पांढऱ्या पेशींचा डीएनएही सोबत वाचणे हितावह असते. तसे न केल्यास नसलेल्या गाठीचा शोध सुरू होऊ शकतो.

उपचाराची दिशा ठरवताना : रोग आधीच माहीत असलेल्या रुग्णात द्रव बायोप्सीने आपले स्थान पक्के केले आहे. फुप्फुसाच्या गाठीतून सुईने तुकडा काढताना फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका असतो आणि थकलेल्या रुग्णाला ते पुन्हा पुन्हा करणे झेपत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाचे बदल रक्तावरून ओळखणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१६ मध्ये मान्यता दिली. ईजीएफआरला रोखणाऱ्या पहिल्या औषधांना गाठ दाद देईनाशी होते तेव्हा साधारण निम्म्या रुग्णांत टी७९०एम हे उत्परिवर्तन कारणीभूत असते. ते रक्तात सापडले की ओसिमर्टिनिब हे पुढचे औषध देता येते आणि सुईची गरज उरत नाही.

२०२५ मध्ये जाहीर झालेल्या सेरेना-६ या रुग्णांवरील औषध-चाचणीने आणखी पुढचे पाऊल टाकले. संप्रेरक-संवेदी प्रगत स्तनकर्करोगाच्या रुग्णांचे रक्त ठरावीक काळाने तपासले गेले. स्कॅनमध्ये रोग वाढलेला दिसण्याआधीच ईएसआर१ जनुकात बदल आढळला, तर काहींचे औषध बदलून कॅमिझेस्ट्रंट दिले. त्यांच्यात रोग पुढे सरकायला मध्यकानुसार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना अधिक) १६ महिने लागले, जुनेच औषध चालू ठेवलेल्यांत ९.२ महिने.

शस्त्रक्रियेनंतर शरीरात काही उरले आहे का, हा रुग्णाला छळणारा प्रश्न. आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगाच्या ४५५ रुग्णांवरील डायनॅमिक चाचणीत (२०२२) एका गटाची केमोथेरपी रक्तातील गाठ-डीएनएवरून ठरवली. त्या गटात १५ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने निर्णय घेतलेल्या गटात २८ टक्के रुग्णांना केमोथेरपी द्यावी लागली. दोन वर्षे रोग न उलटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३.५ आणि ९२.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. कित्येकांची केमोथेरपी वाचली.

रोग उरल्याचे कळले तरी पुढे परिणामकारक औषध हवे. तिसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगात रक्तात गाठ-डीएनए सापडलेल्यांना अधिक तीव्र केमोथेरपी देऊनही फायदा दिसला नाही. मूत्राशयाच्या कर्करोगात मात्र चित्र वेगळे निघाले. २०२५ च्या आयएमव्हिगोर०११ चाचणीत शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठ-डीएनए सापडलेल्या २५० रुग्णांपैकी ॲटेझोलिझुमॅब हे औषध मिळालेले मध्यकानुसार ३२.८ महिने जगले, तर निष्क्रिय औषध मिळालेले २१.१ महिने. चाचणी चांगली असूनही तिच्यामागे गुणकारी औषध नसेल, तर रुग्णाच्या वाट्याला फक्त वाईट बातमी येते.

निरोगी माणसांची तपासणी : लोकांची उत्सुकता सर्वाधिक येथे आहे आणि पुरावा सर्वांत नाजूकही येथेच आहे. यशाचे उत्तम उदाहरण हाँगकाँगचे. नाकामागील घशाच्या कर्करोगाचा तेथे एपस्टाइन-बार विषाणूशी घट्ट संबंध असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणे नसलेल्या सुमारे २० हजार मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तात या विषाणूचा डीएनए शोधला आणि ३४ जणांत कर्करोग सापडला. त्यांपैकी ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होते. एरवी हे प्रमाण २० टक्के असते. येथे लोकसमूह, रोग आणि खूण तिन्ही नेमके ठरलेले होते, आणि विषाणूच्या जनुकसंचाच्या अनेक प्रती प्रत्येक रोगपेशीत असल्यामुळे वर सांगितलेले गणितही अनुकूल होते.

आतड्याच्या कर्करोगासाठीच्या एका रक्तचाचणीला अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तिने कर्करोगाची ८३ टक्के प्रकरणे पकडली. कर्करोगात रूपांतर होऊ शकणाऱ्या प्रगत गाठी मात्र १३ टक्केच सापडल्या. कोलोनोस्कोपीत अशा गाठी दिसतात आणि तिथल्या तिथे काढताही येतात. म्हणून कोलोनोस्कोपी करून घ्यायला तयार असलेल्या माणसाने तिच्याऐवजी रक्तचाचणीवर विसंबणे योग्य नाही. मुळीच तपासणी न करणाऱ्यासाठी ती निश्चित उपयोगाची आहे.

एकाच नळीत अनेक कर्करोग शोधणाऱ्या चाचण्यांबाबत अधिक सावध राहायला हवे. अशा एका चाचणीच्या मोठ्या अभ्यासात (२०२१) चौथ्या टप्प्यातील ९० टक्के कर्करोग ओळखले गेले, पहिल्या टप्प्यातील अवघे १७ टक्के. लवकर शोधण्यासाठी बनवलेली चाचणी उशिराच्या रोगातच सर्वाधिक चालते, ही या क्षेत्राची खरी अडचण आहे. त्याच चाचणीच्या पाथफाइंडर अभ्यासात (२०२३) ६,६०० हून अधिक लोकांपैकी ९२ जणांच्या रक्तात संकेत दिसला आणि त्यांतील ३५ जणांनाच कर्करोग निघाला. बाकीच्यांना मधल्या काळात स्कॅन आणि काळजी सोसावी लागली. शिवाय रोग लवकर सापडला म्हणजे आयुष्य वाढले असे नसते. ब्रिटनमध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांवर झालेल्या बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या तपासणी-चाचणीत, सीए-१२५ या रक्तातील प्रथिनाच्या आधारे, पहिल्या टप्प्यातील निदाने वाढली. तरीही २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून अशा चाचणीची परीक्षा किती कर्करोग सापडले यावर नव्हे, किती जीव वाचले यावरच व्हायला हवी.

मर्यादा : रक्तात काही सापडले नाही म्हणजे रोग नाही असे ठरत नाही. मेंदूतील गाठी रक्तात फारच थोडा डीएनए सोडतात. पेशींची ठेवण रक्तातून कळत नाही. उपचाराखाली फुप्फुसाची गाठ कधीकधी लघुपेशी कर्करोग या वेगळ्या प्रकारात रूपांतरित होते, आणि ते ओळखायला तुकडाच लागतो. पहिल्या निदानासाठीही तो सहसा लागतोच.

कर्करोगापलीकडे : प्रत्यारोपित अवयवातून येणारा दात्याचा डीएनए वाढला, तर शरीर तो अवयव नाकारत असल्याची चाहूल लागते. त्यामुळे हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढण्याच्या काही फेऱ्या टाळता येतात. रक्तातील जंतूंच्या डीएनएवरून संसर्गाचे कारण शोधण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

गर्भासाठी केलेल्या तपासणीतून कधी आईचाच आजार उघड होतो. अहवालात अनेक गुणसूत्रांवर एकाच वेळी विचित्र वाढ-घट दिसते, पण गर्भ मात्र निरोगी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असे असामान्य किंवा अर्थ न लागणारे अहवाल आलेल्या १०७ स्त्रियांची तपासणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ५२ जणींना कर्करोग होता आणि अनेकींना त्याची काहीही जाणीव नव्हती. तो शोधण्यात संपूर्ण शरीराचा एमआरआय सर्वाधिक उपयोगी पडला, नेहमीची शारीरिक तपासणी आणि रक्ततपासण्या अपुऱ्या ठरल्या. असा अहवाल आल्यास गर्भाची तपासणी करून न थांबता आईचा एमआरआय तातडीने करून घ्यावा, असे या अभ्यासावरून म्हणता येते.