सूत (मुंबईतील)

कापूस पिंजून, त्याचे पेळू (सैल वळ्या) करून, त्याला पीळ देत काढलेला अखंड तंतू. शिवणाचा दोरा दोन किंवा अधिक सुते एकत्र पिळून होतो. सुताचा बारीकपणा नंबराने सांगतात: एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो नंबर. वीस नंबरी सुताच्या एका पौंडात १६,८०० यार्ड भरतात. नंबर वाढतो तसे सूत बारीक होते.

मुंबईत यंत्रावरच्या सुताचा आरंभ कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेव येथील गिरणीपासून धरतात. वर्ष कुठे १८५४, कुठे १८५६ असे आढळते. पहिले कंपनी स्थापनेचे, दुसरे उत्पादन सुरू झाल्याचे. सुताच्या इतिहासात दुसरेच धरणे योग्य. तिला भारतातील पहिली गिरणी म्हणण्याचा प्रघात मात्र जपून स्वीकारावा, कारण कोलकात्याजवळ फोर्ट ग्लॉस्टर येथे १८१८ च्या सुमारास सूतगिरणी निघाल्याचे उल्लेख आहेत. मुंबईच्या गिरण्या दीर्घकाळ वीस किंवा त्याहून कमी नंबराचे जाडे सूत कातून चीनला पाठवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी सुताने ती बाजारपेठ घेतली आणि गिरण्या अधिकाधिक कापडाकडे वळल्या.

साचेखात्यातील, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यातील, एका रीतीची नोंद येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे. धोटा म्हणजे मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणारे साधन; त्यातील कांडी (सूत गुंडाळलेली नळी) संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. त्याबरोबर तंतूंची धूळही छातीत जाई. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती येई, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या खात्यात घेत नसत. त्यांना सूतकताईच्या खात्यांत कमी पगाराचे काम मिळे. बहुतेक वर्णनांत विटाळाचेच कारण दिलेले असते. विणकाम उक्त्या दराचे (जितके काम तितके पैसे) आणि जास्त मिळकतीचे होते, ती मिळकत आपल्याच गोतात राखणे हेही कारण होते, असे काही अभ्यासक मानतात. दुसरे मत अधिक पटते, कारण विटाळाची अडचण धोट्यात बदल करून दूर करता आली असती, मिळकतीची नव्हे. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साचेखाते सर्वांना खुले व्हावे, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला. गिरणगावाच्या (मुंबईतील गिरणी कामगारांच्या वस्तीच्या) इतिहासात हा प्रसंग संपाच्या हकिकतीतली एक ओळ म्हणून उरावा, हे न्याय्य नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर शहरातील बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. शेजारच्या भिवंडीतील यंत्रमाग बाहेरून आलेल्या सुतावर चालतात.

वटपौर्णिमेला वडाला गुंडाळण्याचे सूत कच्चे, पांढरे असते. सुतारकामात व लोखंडाच्या बाजारात सूत हे मापही आहे: इंचाचा आठवा भाग. तीन सुती सळई म्हणजे ३/८ इंचाची; आता तिच्या जागी दहा मिलिमीटरची येते, पण मागणारे अजून तीन सुतीच म्हणतात.