एपॉक्सीत कुठली पूड मिसळायची? (हीटसिंकवर पार्ट चिकटवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आठवड्यातून दोन-तीनदा तरी आमच्या काउंटरवर हा प्रश्न येतो. एलईडी हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) बसवायचा आहे, स्क्रूला जागा नाही, तयार थर्मल ॲडहेसिव्हची करंगळीएवढी ट्यूब महाग पडते. मग उष्णता नीट वाहावी म्हणून साध्या एपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या डिंकात) काय मिसळू? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलंच असतं: तांबं, नाहीतर चांदी. एक गृहस्थ तर मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्खच घेऊन आले होते. त्यांना आम्ही ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पुडी दिली, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांना जे समजावून सांगितलं, तेच इथे लिहितो आहोत.

महागडी पूड का वाया जाते

घट्ट झालेल्या नुसत्या एपॉक्सीची उष्णतावाहकता साधारण ०.२ (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, पुढचे आकडेही याच एककात). ॲल्युमिना ३० च्या आसपास. तांबं ४००, हिरा २००० च्या घरात. यावरून वाटतं की तांब्याची पूड ॲल्युमिनापेक्षा तेरापट काम करेल. प्रत्यक्षात दाण्यातून उष्णता झटकन जाते, पण पुढचा दाणा गाठायला मधली एपॉक्सीची फट ओलांडावीच लागते. एक्स्प्रेसवेवर कितीही सुसाट आलात, तरी पुण्यात शिरताना कोंडीत जो वेळ जायचा तो जातोच.

याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या त्यांच्या विद्युत-चुंबकत्वावरच्या ग्रंथात विजेसाठी मांडलं. उष्णतेलाही तेच सूत्र लागतं. मिश्रणाच्या आकारमानात ४२ टक्के पूड आहे असं धरून आम्ही ते वापरून पाहिलं. ॲल्युमिना घातलं तर मिश्रणाची वाहकता येते ०.६२. हिऱ्याची पूड घातली तर ०.६३. आणि संगमरवराची साधी पूड, जिची स्वतःची वाहकता जेमतेम ३ आहे, ती घातली तरी ०.५२! हे वाचून कोणी घरातली रांगोळी मिसळली, तर काहीच उपयोग होणार नाही असं आम्ही म्हणणार नाही. (आमचा धंदा बुडाला तरी चालेल, पण खोटं कशाला सांगा.) फक्त रांगोळी भरड असते, आणि त्याने काय होतं ते पुढे येईलच.

सूत्रात दाणे एकमेकांना टेकत नाहीत असं धरलेलं आहे. पूड निम्म्याच्या वर गेली की दाण्याला दाणा लागू लागतो आणि वाहकता सूत्रापेक्षा वेगाने वाढते. पण हाताने घोटून तिथवर पोचणं अवघड. थोडक्यात, कुठली पूड घातली यापेक्षा किती मावली याला जास्त महत्त्व.

जास्त पूड मावते कशी

गवंडी काँक्रीट करताना नुसती खडी टाकत नाही. खडीच्या फटीत वाळू जाते, वाळूच्या फटीत सिमेंट. इथेही तसंच. एकाच मापाची बारीक पूड घातली की मिश्रण लवकर घट्ट होतं आणि आणखी पूड शिरत नाही. दोन मापं मिसळा: सात भाग जाड, तीन भाग बारीक, आणि दोन्हींच्या दाण्यात साधारण दहापटीचा फरक. पॉलिशिंगसाठी मिळणाऱ्या पांढऱ्या ॲल्युमिनात ३२० नंबरचा दाणा सुमारे २९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि १२०० नंबरचा सुमारे ३ मायक्रॉनचा. ही जोडी चांगली जमते. हे सुट्ट्या पुडीचे नंबर आहेत. पॉलिश पेपरच्या मागे छापलेल्या नंबरांचं माप वेगळं, त्यांची गल्लत करू नका.

आमचीच फजिती सांगतो. सुरुवातीला आम्ही सँडब्लास्टिंगचं ऐंशी नंबरचं ॲल्युमिना वापरलं, कारण गोदामात तेच पडलं होतं. मिश्रण छान सैल झालं, पूडही भरपूर मावली. पण त्याचा दाणा ०.२ मिलिमीटरच्या आसपास! कितीही दाबलं तरी एलईडीची पट्टी दाण्यांवर तरंगत राहिली, कोपऱ्यातून बघितलं तर फट दिसायची. सगळ्यात मोठा दाणा जेवढा, त्याहून थर पातळ होऊच शकत नाही.

थराची जाडी किती महत्त्वाची ते आकड्यातच बघा. २० मिलिमीटर व्यासाची एलईडीची गोल पाटी आणि तिच्यातून १० वॅट उष्णता धरा. पूड घातलेल्या एपॉक्सीचा (०.६) ०.१ मिलिमीटरचा थर असेल तर थराच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे ५ अंशांचा फरक पडतो. तोच थर ०.५ मिलिमीटरचा झाला तर २६ अंश. आणि काहीही न मिसळलेल्या एपॉक्सीचा ०.१ मिलिमीटरचा थर? १६ अंश. म्हणजे पूड घालून जाड थापण्यापेक्षा नुसती एपॉक्सी पातळ लावलेली बरी. हीटसिंक सपाट नसेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून आधी घासून घ्या. पुडीवर खर्च केलेल्या पैशापेक्षा त्या दहा मिनिटांचा फायदा जास्त.

बाकीच्या पुड्यांबद्दल

बोरॉन नायट्राइड आम्ही विकतो, आणि बहुतेकांना ते घेऊ नका असंच सांगतो. त्याचे कण पापुद्र्यासारखे असतात. पापुद्र्याच्या आडव्या दिशेला वाहकता ३०० पर्यंत जाते, पण उभ्या दिशेला ती कितीतरी कमी. आणि दाबलं की पापुद्रे नेमके आडवे झोपतात; उष्णता मात्र थरातून उभीच जायची असते. शिवाय थोड्या पुडीतच एपॉक्सी लोण्यासारखी घट्ट होते. झिंक ऑक्साइड स्वस्त आहे, हीटसिंकला लावायच्या सिलिकॉनच्या पांढऱ्या पेस्टमध्ये तेच असतं. पण फार बारीक असल्याने एकटं जास्त मावत नाही. ॲल्युमिनासोबत बारीक भाग म्हणून चालेल. ॲल्युमिनियम नायट्राइड दमट हवेत ओलावा धरतं आणि अमोनियाचा वास सोडतं, तेव्हा पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडी बाटली ठेवू नका.

तांबं, चांदी, ग्रॅफाइट यांच्यातून वीजही जाते. ॲल्युमिनियमची पूड जास्त फसवी: दाण्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असल्याने मल्टिमीटर ‘ओपन’ (वीज जात नाही असं) दाखवतो, आणि जास्त व्होल्टेजवर तोच पापुद्रा फुटतो. ही पूड हवेत उडाली तर ठिणगीने भडका उडतो. घरी नकोच. आणि मेन्सला (घरातल्या विजेच्या लाइनला) जोडलेला ट्रान्झिस्टर असेल तर ॲल्युमिना घातलेल्या थरावरही विसंबू नका. मधे अभ्रक किंवा कॅप्टॉनची (उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) पट्टी हवीच. जुन्या ट्रान्समीटरच्या ट्रान्झिस्टरमधला पांढरा सिरॅमिक कुटून पूड करायची कल्पना एकाने काढली होती. त्यात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. हात लावू नका.

प्रत्यक्ष करताना

रेझिन आणि हार्डनर मिळून १० ग्रॅम धरा, त्याला २५ ग्रॅम ॲल्युमिना. वजनाने अडीचपट ऐकून लोक दचकतात, पण ॲल्युमिनाची घनता ३.९ च्या वर आणि एपॉक्सीची १.१५ च्या आसपास, म्हणून आकारमानात ते ४२ टक्केच भरतं. जमलं तर ३० ग्रॅमपर्यंत जा. हार्डनरचं प्रमाण मात्र रेझिनच्याच वजनावर काढायचं, पूड त्यात धरायची नाही. ही चूक आम्ही सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. डिंक महिनाभर चिकटच राहतो.

पूड आधी ओव्हनमध्ये ११० अंशांवर तासभर वाळवा, कोमट होईपर्यंत झाकून ठेवा. हा ओव्हन स्वयंपाकाचा नसावा. रेझिनची बाटली गरम पाण्यात उभी करून रेझिन सैल करा, त्यात पूड तीन-चार वेळा थोडी थोडी घालून श्रीखंडाचा चक्का घोटतात तसं घोटा, गुठळी राहू देऊ नका. हार्डनर शेवटी. चमच्यावरून मिश्रण तुटून न पडता सावकाश ओघळलं तर बरोबर. गोळाच पडला तर पूड जास्त झाली, त्याचा पातळ थर बसणार नाही. मधोमध एक थेंब ठेवून, पार्ट जरा गोल फिरवत दाबायचा, म्हणजे हवा कडेने निघून जाते. कपड्याच्या चिमट्याने रात्रभर धरून ठेवा.

पाच मिनिटांत सुकणारी एपॉक्सी यासाठी घेऊ नका: ५०-६० अंशांनाच ती मऊ पडू लागते. सावकाश सुकणारी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पार्टला सोसत असेल तर ८० अंशांवर दोन तास भाजा. उष्णता जास्त सोसते. हातात नायट्राइल मोजे, नाकावर एन-९५ मास्क. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात मुरली की जन्मभर जात नाही.

चिकटवलेला पार्ट पुन्हा धड निघेल ही आशा सोडा. जिथे स्क्रू किंवा क्लिप बसते तिथे साधी पेस्टच वापरा.

दुकानात येताना रेझिनच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो आणि हीटसिंकवरची जागा मोजून आणा. पूड ५० ग्रॅमच्या पुडीतही देतो, जाड आणि बारीक वेगवेगळी. दोन्ही घरी नेऊन मगच मिसळा, कारण पिशवीत हिंदकळून बारीक पूड तळाला बसते.