झोपेत दात खाणारं पोरगं आणि जंताची गोळी

फेब्रुवारीत शाळेत, अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटल्या की सोलापुरात कुणीतरी हमखास म्हणतंच, "बरं झालं बघा, आता पोरगं रात्रीचं दात खायचं थांबेल." गोळी जरूर द्या, १० फेब्रुवारीचा जंतनाशक दिन त्यासाठीच असतो आणि त्यातलं अल्बेंडाझोल हे औषध जंतांवर चांगलं काम करतं. पण जंतांमुळे पोरं दात खातात याला ठोस पुरावा नाही. मुळात लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दात खातात आणि वय वाढेल तसं बहुतेकांचं आपोआप कमी होतं, मग त्याआधी जे काही केलेलं असेल त्याला क्रेडिट मिळतं. गोळी दिली असेल तर गोळीला, दृष्ट काढली असेल तर मीठ-मोहरीला.

आता मला यातला सगळ्यात आवडणारा भाग सांगतो, थोडा किचकट आहे पण मजा आहे.

आपली कडक भाकरी घ्या, शेंगाचटणी लावा, तुकडा दाढेखाली धरा आणि जोर लावा. कट्कन तुटते. तुटायच्या त्या क्षणी जबड्याचे स्नायू पूर्ण ताकदीने खालचा जबडा वर ओढत असतात आणि मध्ये अडवणारी भाकरी अचानक नाहीशी होते, म्हणजे खरंतर खालचे दात वरच्या दातांवर धाडकन आपटायला पाहिजेत. आपटत नाहीत. एक तर स्नायू झपकन आखडायला लागला की त्याचा जोर आपोआप कमी होतो, दुसरं म्हणजे कडक काही चावताना जबडा उघडणारे स्नायूसुद्धा आधीपासून थोडे ताणून ठेवलेले असतात, आणि तिसरं म्हणजे मेंदूचा ब्रेक. दात हाडात थेट रुतलेला नसतो, मुळाभोवती साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. या थरात दाब ओळखणारी नसांची टोकं आहेत, म्हणून तर घासात एक केस आला तरी दाताला कळतो. भातात खडा लागला की साधारण एक शतांश सेकंदात चावणारे स्नायू क्षणभर बंद पडतात, आपल्याला "खडा!" असं कळायच्या आधीच. (इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून लावलेल्या नकली दाताला हा थर नसतो, त्यामुळे तिथे एवढं बारीक कळत नाही.)

अजून भारी म्हणजे ही वायरिंग. स्पर्शाच्या, दाबाच्या नसांच्या पेशी सगळ्या शरीरात मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये असतात. जबड्याच्या स्नायूंचा ताण मोजणाऱ्या आणि दातांच्या दाबाच्या काही नसांच्या पेशी मात्र थेट मेंदूच्या देठात बसलेल्या आहेत. मेसेन्सेफॅलिक न्यूक्लियस म्हणतात त्या जागेला. ताण मोजणाऱ्या पेशींचा तर चावणाऱ्या स्नायूंच्या नसेशी थेट जोड आहे, मध्ये दलाल नाही. ब्रेक लावणारा निरोप मात्र एखाद-दुसऱ्या मधल्या पेशीतून जातो.

एवढा बंदोबस्त असून माणूस रात्री दात करकरवतो ते का? तर झोप सलग नसते, मध्ये मध्ये मेंदू काही सेकंद अर्धवट जागा होतो, आपल्याला पत्ताही नसतो. दात खायच्या आधी काय होतं हे झोपेच्या लॅबमध्ये वायरी लावून बघितलंय. आधी काही मिनिटं शरीराची धावपळीची यंत्रणा चाळवते, मग तीन-चार सेकंद आधी मेंदूच्या लहरी जलद होतात, लगेच हृदयाचे ठोके वाढतात आणि मग जबडा सेकंदाला साधारण एकदा या तालात हलतो. थोडक्यात सुरुवात पोटातून नाही आणि वाकड्या दातांतूनही नाही, ती मेंदूतून होते. तंबाखू, दारू, खूप चहा-कॉफी, टेन्शन याने हे वाढतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही वाढतं, पण म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा. जोडीला जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया तपासून घ्या.

जोर किती? साधारण माणूस ७० किलोच्या आसपास चावतो. १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या एकाने दोनेक सेकंद ४४२ किलोचा जोर नोंदवला, आणि गडी दात आवळायची सवय असलेलाच होता. त्यात एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे झिजलेलं परत येत नाही. मग ठणक, गार पाणी झोंबणं, दाढेला चीर, सकाळी कानशिलं दुखणं, कानाजवळ कटकट आवाज. कानदुखी म्हणून कानात तेल घालत बसणारे पण असतात.

दिवसा आवळणं वेगळं. एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतातच, मध्ये दोन-चार मिलिमीटर फट असते. यंत्रमागावर, मोबाईल बघताना, सात रस्त्याला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर दाढा टेकल्यात का ते बघा आणि सोडा, ओठ मिटलेले, दात सुटे. रात्रीसाठी डेंटिस्ट नाईट गार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं कव्हर देतात, त्याने दात वाचतात, सवय जात नाही. आणि रीलवाले ते जॉलाईनसाठी चावायचे रबरी गोळे विकतात ना, ते तर अशा माणसाने हातात पण घेऊ नयेत, आधीच दमलेल्या स्नायूला अजून कशाला राबवायचं.

मावा-गुटखा खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तोंड उघडायला कमी होत असेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तिखट झोंबत असेल तर ते दात आवळून झालंय असं समजू नका, तो सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडातली आतली त्वचा कडक होत जाण्याचा आजार असू शकतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. नाईट गार्ड वगैरे राहू दे, मावा सोडा आणि आधी डेंटिस्टला तोंड दाखवा.