१०० मेगाहर्ट्झचा स्कोप १०० मेगाहर्ट्झ अचूक मोजतो का?

'स्कोपवर १०० मेगाहर्ट्झ छापलंय, म्हणजे तिथपर्यंत सगळं बरोबर मोजता येतं.' पहिला डिजिटल ऑसिलोस्कोप (सिग्नलच्या व्होल्टेजचा आलेख स्क्रीनवर दाखवणारं उपकरण) घेणाऱ्याला हे हमखास ऐकवलं जातं. ते चूक आहे.

हा छापलेला बँडविड्थचा आकडा म्हणजे स्कोपमध्ये सिग्नल ३ डेसिबलने घटतो ती वारंवारता. १ व्होल्टची साइन वेव्ह तिथे जेमतेम ०.७ व्होल्टची दिसते. वारंवारतेचं रीडिंग बरोबर येतं, व्होल्टेजचं मात्र जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. आणि स्क्रीनवर तशी कसलीच सूचना येत नाही, हे जास्त वाईट. स्क्वेअर वेव्हचं तर रूपच पालटतं. तिच्या तीव्र कडा तिसऱ्या, पाचव्या आणि त्यापुढच्या हार्मोनिक्समुळे (मूळ वारंवारतेच्या तितक्या पटीतल्या साइन वेव्हमुळे) बनतात. ते गाळले गेले की स्क्रीनवर साइन वेव्हसारखं काहीतरी उरतं, आणि नवशिका बिचारा चांगल्या सर्किटमध्ये दोष शोधत बसतो. म्हणून डिजिटल सिग्नलसाठी किमान पाचपट बँडविड्थ धरावी: १०० चा स्कोप साधारण २० मेगाहर्ट्झच्या क्लॉकपर्यंत. त्याचा स्वतःचा राइज टाइमही (कड खालून वर चढायला लागणारा वेळ) ३.५ नॅनोसेकंदांच्या आसपास असतो, त्याहून वेगवान कड तो दाखवूच शकत नाही.

प्रोबकडे, म्हणजे सर्किटला टेकवायच्या वायरकडे, तर कुणी बघतच नाही. नेहमीच्या पॅसिव्ह प्रोबचा स्विच १एक्सवर (सिग्नल जसाच्या तसा) असेल, तर बँडविड्थ बहुधा १० मेगाहर्ट्झच्याही खाली येते, स्कोप कितीही महाग असो. १०एक्स (सिग्नल दहापट कमी करून) वापरा, चॅनलच्या मेनूतही तेच निवडा, आणि स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हला जोडून तिचा माथा सपाट होईपर्यंत प्रोबचा छोटा स्क्रू फिरवा.