चेक-रेझ

चेक-रेझ : पोकरमधील एक खेळी. बोलीची पाळी आधी आलेला खेळाडू पैसे न लावता 'चेक' म्हणतो आणि मागच्याने बोली लावली की त्याच फेरीत ती वाढवतो. तीन पत्तीत पाळी आली की चाल द्यावी लागते किंवा पॅक व्हावे लागते. त्यामुळे तिथे या खेळीला जागाच नाही.

तिचे जुने नाव 'सँडबॅगिंग'. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. वाळूची पिशवी डोक्यात घालून लुटणाऱ्या गुंडाला अमेरिकेत 1882 च्या सुमारास 'सँडबॅगर' म्हणत. पोकरमधला अर्थ 1940 च्या आसपास नोंदलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्ककडील शर्यतीच्या काही होड्यांनाही, तोल राखायला वाळूच्या पिशव्या वापरत म्हणून, हेच नाव होते. परंतु निरुपद्रवी दिसून अचानक घाव घालणे हे पोकरच्या अर्थाशी जास्त जुळते, म्हणून पहिली उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. लोबॉलच्या, म्हणजे सर्वांत हलका हात जिंकतो त्या पोकरच्या, काही प्रकारांत चेक-रेझला मनाई असते.

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). त्यात फ्लॉपची पाने लागोपाठची किंवा एकाच जातीची असली, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'वेट बोर्ड' असला, की ही खेळी फार धारदार होते. समजा, फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, इस्पिक तिर्री आहे आणि हातात बदाम गुलाम व बदाम दश्शी. अजून काहीच जमलेले नाही. पण उरलेले नऊ बदाम आणि इतर जातींच्या तीन सत्त्या व तीन राण्या, अशा पंधरा पानांपैकी कोणतेही आले तरी फ्लश (एकाच जातीची पाच पाने) किंवा स्ट्रेट (लागोपाठची पाच पाने) होतो. न दिसलेली पाने 47. टर्नला असे पान पडण्याची शक्यता सुमारे 32 टक्के, रिव्हरपर्यंत सुमारे 54 टक्के. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, 100 चा, मागच्याने 60 लावले आणि आपण 200 केले, तर 160 मिळवायला 200 पणाला लागतात. हात अगदीच निकामी असता तर समोरच्याने 100 पैकी 56 वेळा तरी पत्ते टाकायला हवे होते. पंधरा पाने पाठीशी असताना त्याहून बरेच कमी पुरते. अशा खेळीला पोकरवर लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी दिलेले 'सेमी-ब्लफ' हे नाव रूढ झाले आहे.

खरा धोका चेकमध्ये आहे. तीन नव्व्या जमवून चेक केले आणि मागच्यानेही चेक केले, तर त्याला पुढचे पान फुकट मिळते. मग आधी बसलेल्याने सरळ बोलीच का उघडू नये? आधीच्या फेरीत नुसता कॉल केलेल्याने, म्हणजे समोरची बोली न वाढवता तेवढेच पैसे लावलेल्याने, अशी बोली उघडणे, म्हणजे 'डाँक बेट', नवशिक्याची चूक समजत. 2019 मध्ये सहा जणांच्या डावात व्यावसायिकांना हरवणाऱ्या प्लुरिबस या संगणकीय कार्यक्रमाने मात्र ती त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा वापरली. जुना दंडक सरसकट पाळू नये, हे मत आता बळकट वाटते.

चेक-रेझवर समोरच्याने सगळे चिप्स पुढे सारले, तर वरचा गुलाम-दश्शीचा हात दोन काळ्या एक्क्यांपुढेही किंचित सरस ठरतो. तीन नव्व्यांपुढे मात्र मागे पडतो.