लाँगबोर्डची कातडी

सर्फबोर्डाच्या फोमच्या गाभ्यावर अंथरलेले काचतंतूंचे कापड पांढरेशुभ्र दिसते. त्यावर राळ (रेझिन) ओतून रबरी पट्टीने ती पसरवत नेली, की पट्टीच्या मागोमाग कापड दिसेनासे होते आणि खालच्या फोमवर पेन्सिलीने मारलेल्या रेघाही स्वच्छ दिसू लागतात. काच मुळात पारदर्शकच असते. परंतु असंख्य तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमांवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो आणि विखुरतो, म्हणून कापड बर्फासारखे पांढरे भासते. राळेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचे माप, काचेच्या अपवर्तनांकाच्या अगदी जवळ, म्हणजे साधारण १.५५ असल्यामुळे हवेची जागा राळेने घेतली, की प्रकाशाला वळण्याचे कारणच उरत नाही. जेथे पांढरा ठिपका राहिला तेथे हवा राहिली आणि जेथे हवा राहिली तेथे कापड गाभ्याला धरलेले नाही, असे खुशाल समजावे. घरी लाँगबोर्ड बनवणाऱ्याला याहून स्वस्त तपासणी कोठे मिळणार?

सर्फिंगचा पहिला बोर्ड करायला घेणारे बहुतेक जण आकाराचीच धास्ती घेतात. माझे मत थोडे वेगळे आहे. आकारातली लहानसहान चूक लाट पोटात घालते; कातडीतली, म्हणजे गाभ्यावरच्या काच-राळेच्या आवरणातली, चूक ती कधीच घालत नाही. एक कड दुसरीपेक्षा दोन मिलिमीटर जाड राहिली तर ते वाळूवर उभ्या असलेल्या कोणालाही कळणार नाही, पण सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तर काही महिन्यांत बोर्ड पाणी पिऊन जड होईल.

लाँगबोर्ड म्हणजे सामान्यतः ९ फूट किंवा त्याहून लांब, ५६ ते ५८ सेंटिमीटर रुंद, सुमारे साडेसात सेंटिमीटर जाड आणि गोलसर नाकाचा बोर्ड. त्याचे आकारमान ७० लिटरच्या आसपास भरते. समुद्राच्या पाण्याची घनता लक्षात घेता असा बोर्ड पूर्ण बुडाला तर सुमारे ७२ किलो पाणी बाजूला सारतो, म्हणजे बोर्डाचे स्वतःचे वजन वजा जाता पासष्टेक किलोच्या माणसाला तो स्थिर पाण्यातही जेमतेम तोलून धरू शकतो. लांबीचा फायदा याहून मोठा आहे. पाणी कापत जाणाऱ्या कोणत्याही तरंगत्या वस्तूला स्वतःच निर्माण केलेल्या लाटेचा अडसर होतो आणि तो अडसर ज्या वेगाला जाणवू लागतो तो वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सहा फुटी बोर्डाच्या तुलनेत नऊ फुटी बोर्डासाठी ही मर्यादा सुमारे २२ टक्क्यांनी वर सरकते. दीड मीटर खोल पाण्यावरून येणारी लाट सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास धावत असते आणि हाताने पाणी मारणारा माणूस तिच्या निम्मा वेगही गाठत नाही. उरलेली तफावत लाटेच्या उतारावर गुरुत्वाकर्षण भरून काढते. ही तफावत जितकी कमी, तितकी लाट लवकर आणि कमी उतारावर पकडता येते.

हवाई बेटांवर टोळीप्रमुखांसाठी घडवले जाणारे ‘ओलो’ बोर्ड चार-पाच मीटर लांबीचे असत ते उगाच नव्हे. ते अखंड लाकडातून कोरलेले असत आणि पाणी मुरू नये म्हणून त्यांना कुकुईच्या बियांचे तेल चोळले जाई, म्हणजे कातडीची काळजी तेव्हाही होतीच. अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी आतून पोकळ लाकडी बोर्ड बनवून १९३२ साली त्याचे पेटंट मिळवले आणि १९३५ साली बोर्डाच्या तळाला पहिल्यांदा फिन, म्हणजे उभा पर, लावला. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातले बोर्ड बनवणारे होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे गाभे बनवायला सुरुवात केली आणि बाल्सा लाकूड मागे पडले. वजनाचा हिशेब केला तर कारण लगेच उमगते: ७० लिटरचा बाल्साचा गाभा सहज दहा किलो भरतो, पॉलियुरेथेनचा तीन किलोंच्या आसपास आणि पॉलिस्टायरीनच्या दाण्यांचा, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा, पावणेदोन किलो. अमेरिकेतल्या बहुतांश कारागिरांना गाभे पुरवणारी क्लार्क यांची कंपनी ५ डिसेंबर २००५ रोजी एकाएकी बंद झाली, तेव्हा अनेकांना नाइलाजाने पॉलिस्टायरीनचे गाभे आणि इपॉक्सी राळ यांच्याकडे वळावे लागले. घरी बोर्ड करणाऱ्याच्या दृष्टीने ती इष्टापत्तीच ठरली.

आकार देण्याचे काम वाटते त्यापेक्षा सरळ आहे. पातळ प्लायवूडवर अर्ध्या बोर्डाची बाह्यरेषा कापून तोच नमुना उलटवून दुसऱ्या बाजूला वापरला, की दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. नाकापासून शेपटीपर्यंतचा बाक, ज्याला रॉकर म्हणतात, तो लाँगबोर्डात बेताचाच ठेवावा, कारण बाक वाढला की बोर्ड पाणी ढकलत राहतो आणि त्याचे घरंगळणे मंदावते. मात्र नाकाला बाक अजिबातच नसेल तर उभ्या लाटेवरून उतरताना ते सरळ पाण्यात घुसते. कडांबाबतही असाच तोल सांभाळावा लागतो. गोलाकार कडेला वाहते पाणी चिकटून वळते, याला कोआंडा परिणाम म्हणतात, आणि त्यामुळे बोर्ड लाटेच्या भिंतीला धरून राहतो. शेपटीकडे हेच चिकटणे ओढ निर्माण करते, म्हणून तेथे तळाची कड धारदार ठेवून पाण्याला सुटायला भाग पाडतात. उंचवटे शोधण्यासाठी खोलीतले मोठे दिवे बंद करून बोर्डाच्या उंचीवर बाजूने एकच दिवा लावावा. हाताला न लागलेला खड्डा सावलीत लगेच पकडला जातो.

या मऊ गाभ्याला ताकद कोठून येते? गाभा अंगठ्याने दाबला तरी खड्डा पडतो आणि त्यावरची काच-राळेची कातडी पुरती मिलिमीटरभरही जाड नसते. मात्र दोन पातळ, ताठ थर एकमेकांपासून दूर ठेवून मधल्या हलक्या पदार्थाला घट्ट जोडले, की वाकताना एका थरावर ताण आणि दुसऱ्यावर दाब येतो आणि मधला फोम दोघांना एकमेकांवरून सरकू देत नाही. थरांमधले अंतर दुप्पट केले तर ताठपणा जवळजवळ चौपट होतो. लोखंडी तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे. या साऱ्याचा आधार जोड हाच असतो. जेथे कातडी सुटली तेथे दोन कमकुवत वस्तू एकमेकींवर नुसत्या ठेवलेल्या उरतात. वरच्या पृष्ठभागावर गुडघे आणि टाचा पडत असल्यामुळे तेथे चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या कापडाचे दोन थर देतात, तर तळाला एक पुरतो.

राळ निवडताना रसायनशास्त्र दुर्लक्षून चालत नाही. पॉलिएस्टर राळेत स्टायरीन हा द्रावक असतो आणि तो पॉलिस्टायरीनचा गाभा डोळ्यांदेखत विरघळवून टाकतो. त्यामुळे अशा गाभ्यावर इपॉक्सीच वापरावी लागते. दोघींचे घट्ट होणेही निराळे. पॉलिएस्टरमध्ये शेकडा एक-दोन भाग उत्प्रेरक घालतात आणि त्याचे प्रमाण थोडे बदलून वेग कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करण्यासाठी मिसळायचा दुसरा घटक, हा उत्प्रेरक नसून जोडीदार असतो. राळेच्या प्रत्येक रेणूला त्याचा ठरावीक वाटा लागतो, म्हणून ‘लवकर सुकावे’ म्हणून हार्डनर जास्त घालणाऱ्याच्या पदरी कायमची मऊ कातडी पडते. मोजमाप वजनकाट्यावरच करावे आणि मिश्रण डब्याच्या कडा-कोपरे खरवडत ढवळावे. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. पातळ थरातून ती निघून जाते, पण डब्यातच राहू दिलेले अर्धा किलो मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने आणखी वेगाने घट्ट होत जाते आणि बघता बघता धूर सोडू लागते. मी एकदा फोनवर बोलत राहिलो आणि परत आलो तेव्हा प्लास्टिकचा डबा वितळून टेबलाला चिकटला होता.

याहून फसवा शत्रू म्हणजे गाभ्यातली हवा. फोमच्या दाण्यांमध्ये किंवा लाकडाच्या छिद्रांमध्ये अडकलेली हवा तापमान वाढले की प्रसरण पावते आणि ओल्या राळेतून बुडबुडे होऊन बाहेर पडते. राळ तोवर दाटली असेल तर बुडबुड्याची वाट तशीच उघडी राहते आणि तीच पुढे पाण्याची वाट होते. त्यामुळे कापड चढवण्याचे काम सकाळी नव्हे, तर तापमान उतरू लागल्यावर, दुपार कलताना सुरू करावे. थंड होणारा गाभा राळ उलट आत ओढून घेतो. पोकळ लाकडी बोर्डात हाच प्रश्न भव्य रूप धारण करतो. आतली हवा २० अंश सेल्सिअसवरून ४५ अंशांवर गेली तर तिचा दाब साडेआठ टक्क्यांनी वाढतो, आणि सव्वा चौरस मीटरच्या पृष्ठभागावर त्याचे बळ एक टन वजनाइतके भरते. म्हणून अशा बोर्डाला हवा सोडणारी झडप ठेवावीच लागते.

पहिला थर बसल्यावर कापडाची वीण बोटाला जाणवते. ती भरण्यासाठी राळेचा दुसरा हात देतात. हवेतला ऑक्सिजन पॉलिएस्टरच्या पृष्ठभागावरची क्रिया अडवतो आणि पृष्ठभाग चिकट ठेवतो. पहिल्या थराला हे उपकारकच असते, कारण पुढचा थर त्यावर रासायनिकरीत्या बसतो. घासायच्या थरात मात्र थोडे मेण मिसळलेले असते, ते वर तरंगून येते आणि हवेला बाहेर ठेवते. इपॉक्सीवर दमट हवेत तेलकट, पांढुरका थर धरतो. तो पाण्याने धुऊनच काढावा, कारण तसाच घासला तर पॉलिश पेपरमध्ये भरतो आणि पुढच्या थराला बसू देत नाही.

मग येते घासकाम, ज्याचा सर्वांना कंटाळा येतो आणि ज्यात सर्वाधिक बोर्ड बिघडतात. ८० नंबरच्या पेपरने कडांवर दोन फेऱ्या जास्त मारल्या, की वीण उघडी पडते आणि काचतंतूच कापले जातात, म्हणून कडा यंत्राने नव्हे तर हातानेच घासाव्यात. काचेची भुकटी आणि अर्धवट घट्ट झालेली राळ शरीराला चांगली नाही. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. हातमोजे आणि गाळणीचा मुखवटा यांत काटकसर करू नये.

आरशासारखी चकाकी दिली की बोर्ड जास्त वेगाने धावतो, या समजुतीला मात्र फारसा आधार नाही. पाण्यातल्या पृष्ठभागावरचे खवले किती मोठे झाल्यावर घर्षण वाढू लागते याचा अंदाज द्रवगतिशास्त्राने बांधता येतो. सेकंदाला चार मीटर वेगासाठी तो सुमारे पंचवीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग, येतो. ४०० नंबरच्या पेपरवरचे कणच पस्तीसेक मायक्रॉनचे असतात आणि त्यांचे ओरखडे त्याहून पुष्कळ उथळ. तेथे थांबलेला बोर्ड पाण्याच्या हिशेबी गुळगुळीतच असतो. चकाकी डोळ्यांसाठी द्यावी, त्यात वावगे काहीच नाही.

राळ हाताला कडक लागली तरी तिच्यातल्या क्रिया पुढे आठवडाभर चालू असतात, म्हणून तेवढा धीर धरावा आणि पाण्यात नेण्यापूर्वी बोर्डाचे वजन ग्रॅममध्ये टिपून ठेवावे. पहिल्या दिवसानंतर तो गोड्या पाण्याने धुऊन, पुरता कोरडा करून पुन्हा काट्यावर ठेवावा. शंभर ग्रॅम वाढले असतील तर कोठेतरी छिद्र आहे. अशा वेळी बोर्डावर साबणाचा फेस फासून तो थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावा. आतली हवा तापून बाहेर येऊ पाहते आणि नेमक्या त्या जागी फेसात एक बारीक बुडबुडा फुगू लागतो. तेथे पेन्सिलीने गोल करून घ्यावा.