टाळेबंदीत चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया का घटल्या?

२४ मार्च २०२० च्या रात्री कोरोनामुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि जबडा किंवा गालाचं हाड मोडून येणारे रुग्ण अनेक रुग्णालयांत झपाट्याने कमी झाले. युरोपातल्या कित्येक रुग्णालयांचा अनुभवही असाच होता. रस्ते रिकामे झाले म्हणून जखमा घटल्या, हे खरंच आहे. पण शस्त्रक्रिया घटल्या त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ही दोन्ही कारणं एकत्र कालवली की आकडे फसवतात.

चेहऱ्याचं हाड बहुतेक वेळा वाहनाच्या अपघातात, मारामारीत किंवा पडून मोडतं. यातलं कशाचं प्रमाण किती, हे लोकांच्या रोजच्या जगण्यावर आणि कायद्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून गाडीत पुढे बसणाऱ्यांना सीटबेल्ट सक्तीचा झाला आणि काचेवर तोंड आपटलेले रुग्ण कमी झाले. मग दारू पिऊन झालेल्या मारामाऱ्या ठळकपणे दिसू लागल्या. कार्डिफचे जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे सर्जन. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कितीतरी मारहाणग्रस्तांची पोलिसांकडे नोंदच नसते, हे त्यांनी दाखवून दिलं. मारहाण कुठे, कधी, कशाने झाली ते रुग्णालयाने नोंदवायचं आणि नाव वगळून स्थानिक यंत्रणांना कळवायचं, ही पद्धत त्यातूनच उभी राहिली.

आपल्याकडे मुख्य कारण रस्ता, त्यातही दुचाकी. हनुवटीवर आदळलं की धक्का थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो. हनुवटी मोडू शकते, कधी दोन्ही बाजूंचे सांधेही मोडतात. डोकं झाकून हनुवटी उघडी ठेवणारं अर्धं हेल्मेट इथे उपयोगाचं नाही. देशात २०१९ मध्ये सुमारे ४ लाख ४९ हजार रस्ते अपघात नोंदले गेले, २०२० मध्ये ३ लाख ६६ हजार. मृत्यू मात्र त्या प्रमाणात उतरले नाहीत. दर १०० अपघातांमागे ते ३३.७ वरून ३६ वर गेले.

दारूचा संबंध सर्वांत स्वच्छ दिसला तो दक्षिण आफ्रिकेत. तिथे २७ मार्च ते १ जून २०२० दारूविक्री बंद होती. ती सुरू होताच जखमींची गर्दी परतली आणि १२ जुलैला सरकारने पुन्हा बंदी घातली.

आता दुसरं कारण. विषाणूचा मुक्काम नाका-घशात, आणि ही शस्त्रक्रिया नेमकी तिथेच. हाडाला ड्रिल लावलं की लाळ-रक्ताचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. आपल्या आरोग्य मंत्रालयाने मार्चमध्येच तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगितलं होतं. चेहऱ्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही शक्य तिथे हाड न उघडता उपचार करा, ड्रिल टाळा असंच होतं. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मॅक्सिम शाँपी यांनी धातूच्या छोट्या प्लेटची (स्क्रूने बसवायच्या पट्टीची) पद्धत रुजवल्यापासून मोडलेल्या जबड्याला प्लेट टाकणं सवयीचं झालं होतं. रुग्ण लवकर तोंड उघडू शकतो. पण प्लेट बसवायला ड्रिल लागतं, म्हणून टाळेबंदीत पुन्हा तारा आल्या: वरचे-खालचे दात बांधून टाकायचे आणि चार-सहा आठवडे पेज, सूप, दूध. म्हणजे मोडलेला जबडा होताच, फक्त तो शस्त्रक्रियांच्या यादीत दिसला नाही. उशिरा आलेल्यांचे हाल वेगळेच. दोन-तीन आठवड्यांत हाड वेडंवाकडं जुळू लागतं, दात एकमेकांवर बसत नाहीत, मग हाड पुन्हा मोडून बसवावं लागतं.

घरातल्या जखमांचं मला सर्वाधिक वाईट वाटतं. रस्ता बंद झाला, घराचं दारही बंद झालं. राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी वाढल्या. एप्रिलमध्ये आयोगाला व्हॉट्सॲप क्रमांक सुरू करावा लागला. ज्या बाईचा नवरा शेजारीच उभा आहे, ती केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पडले’ असंच सांगते. डोळ्याभोवतीचा काळानिळा डाग आणि गालाचं मोडलेलं हाड पाहून तिला एकटीला गाठून विचारायला हवं. बाह्यरुग्ण विभाग बंद, नातेवाइकांवर बंधनं, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. अशात हे किती जणींना विचारलं गेलं असेल?

२०२१ मध्ये महाराष्ट्रात याच सर्जनांपुढे म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) रुग्ण आले आणि कुजलेला जबडा काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्याच वर्षी देशातले रस्ते अपघात ४ लाख १२ हजारांवर गेले, २०१९ पेक्षा कमीच. मृत्यू मात्र १ लाख ५३ हजार ९७२ झाले, २०१९ पेक्षाही जास्त.